गडग्याच्या आतली आवळी

टोपाच्या बुडाला मातीचा लेवा देऊन झाला होता, तीन नारळ सोलून ठेवले होते, केळीची पानं पुसून त्यांची वळकटी बांधून झाली होती, आणि मग आईने विचारलं, “आवळी कुठची धरलीत?”

“धरायची काय त्यात? सड्यावर कुठेही बसू,” दादा म्हणाला.

“कुठेही म्हणजे कुठे?”

यावर दादाला गाडीच्या चाकात हवा भरायची आठवण झाली आणि तो बाहेर गेला. वहिनी माझ्याकडे बघून पुटपुटली, “वन्सं, मला नाही वाटत यांना एकसुद्धा झाड माहीत असेल.” मलाही नव्हतं. मी भाऊबीजेला माहेरी रत्नागिरीत येते ती तुळशीच्या लग्नापर्यंत राहते, गेली सव्वीस वर्षं. दर वर्षी आवळीभोजनाचं ठरतं आणि दर वर्षी काहीतरी निघून राहतं. कधी पाऊस, कधी दादाच्या ऑफिसातलं काम, कधी आईचे गुडघे. गेल्या कार्तिकात मात्र आईने आठवडाभर आधीच जाहीर केलं होतं की या वर्षी घरात चूल पेटणार नाही. ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. तिचं असलं बोलणं आम्ही हसण्यावारी नेत नाही.

आवळीभोजन म्हणजे काय, हे पुण्यातल्या माझ्या शेजारणीला मला दर वर्षी नव्याने सांगावं लागतं. कार्तिक शुद्ध नवमीला, नाहीतर पौर्णिमेपर्यंत, आणि ज्यांना तेवढ्यात जमत नाही त्यांनी कार्तिक संपेपर्यंत कधीतरी, आवळीच्या झाडाखाली स्वयंपाक करून तिथेच जेवायचं. आवळीत विष्णूचा वास मानतात. झाडाला सूत गुंडाळायचं, दिवा लावायचा, नैवेद्य दाखवायचा. नवमीला कोहळाही दान देतात, म्हणून तिला कूष्मांड नवमी म्हणतात. आमच्याकडे सूत आणि नैवेद्य टिकला, कोहळा मधल्या एका पिढीत गळाला. तुळशीच्या लग्नात वृंदावनात ऊस आणि चिंचांबरोबर आवळे ठेवतात, आणि तोवर नवा आवळा तोंडात घालायचा नाही असा आमच्या घरचा दंडक. तुळस सासरी गेली की आवळा सुटतो.

सावलीचा विचार केला तर जेवायला बसण्यासाठी आवळीइतकं कुचकामी झाड नाही. फणसाखाली बसावं, जांभळीखाली बसावं, गेलाबाजार काजूखाली बसावं. आवळीची पानं चिंचेपेक्षा बारीक. तिच्याखाली बसलं की डोक्यावर पिठाची चाळण धरल्यासारखं वाटतं. पण ज्याने कोणी हे झाड आणि हा महिना यांची गाठ घातली त्याला कोकणातलं हवामान कळत होतं. चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस अंगावर घेतलेलं घर आश्विनात आतून कुबट झालेलं असतं. मग ऑक्टोबरचा उकाडा, घाम, भातकापणी. कार्तिकात पहाटे गवतावर दव दिसायला लागतं, उन्हाचा चटका जातो, आणि माणसाला कित्येक महिन्यांत प्रथमच ऊन अंगावर हवंसं वाटतं. पण पुरतं नको, गाळून हवं. ते आवळी गाळून देते.

रत्नागिरीत दिवाळीच्या सुट्टीत दोन प्रकारची माणसं बाहेर पडलेली दिसतात, आणि ती एकमेकांना ओळखत नाहीत. पहिली बाहेरून आलेली. एमएच १२, एमएच १४, एमएच ०९ अशा पाट्यांच्या गाड्या साखरतरच्या पुलावरून आरे-वाऱ्याच्या रस्त्याला लागतात. साखरतरच्या नावातच ‘तर’ आहे, पण आता तरीची वाट बघावी लागत नाही. वरच्या वळणावर प्रत्येक गाडी थांबते, खालच्या दोन किनाऱ्यांचा फोटो निघतो, मग गणपतीपुळ्याला दर्शन, डोंगराची प्रदक्षिणा, जेवण, उंटावरून फेरी. त्यातले थोडे पुढे मालगुंडला केशवसुतांचं स्मारक बघतात. कवी १८६६ साली जिथे जन्मला ते घर आणि कोकण मराठी साहित्य परिषदेने उभारलेलं स्मारक बघायला दहा मिनिटं काढणाऱ्या कुटुंबाविषयी मला उगाचच आदर वाटतो.

दुसरी माणसं आमच्यासारखी. यांना समुद्राचं कौतुक नसतं, तो रोजचाच. ही कार्तिकात टोप, पानं आणि सतरंज्या घेऊन समुद्राकडे पाठ करून वर सड्यावर जातात.

शनिवारी मात्र भाच्याच्या हट्टापायी मीही पहिल्या प्रकारात जमा झाले. वय वर्षं दहा, शाळेत प्रकल्प, विषय ‘माझे गाव’. रत्नदुर्गावर भगवतीचं दर्शन झालं. एका बाजूला काळा समुद्र आणि दुसऱ्या बाजूला पांढरा, वाळूच्या रंगावरून पडलेली ही नावं त्याने वहीत लिहून घेतली. टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मघर अर्ध्या तासात उरकलं. १८५६ साली इथे जन्मलेला मुलगा दहाव्या वर्षी पुण्याला गेला, हे ऐकल्यावर “म्हणजे माझ्याएवढा,” म्हणून भाचा थोडा वेळ गप्प होता.

थिबा राजवाड्यात मात्र आम्ही दोन तास होतो. लाल रंगाची तीन मजली इमारत, उतरती छपरं, खिडक्यांवर लाकडी कोरीवकामाच्या अर्धवर्तुळाकार कमानी. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा १८८५ च्या नोव्हेंबरात मंडालेत पदच्युत झाला आणि मद्रासमार्गे १८८६ च्या एप्रिलमध्ये रत्नागिरीला आणला गेला. हा राजवाडा बांधून होईपर्यंत १९१० साल उजाडलं, म्हणजे मधली चोवीस वर्षं तो सरकारने दिलेल्या बंगल्यांत पहाऱ्यात राहिला. राजवाड्यात त्याला जेमतेम सहा वर्षं मिळाली. १९१६ च्या डिसेंबरात तो इथेच वारला आणि राणी सुपयालत १९१९ मध्ये ब्रह्मदेशात परतली. थोरली राजकन्या मात्र रत्नागिरीला परत आली, इथल्याच एका माणसाशी तिने संसार केला. तिची मुलगी टूटू याच गावात मराठी बोलत म्हातारी झाली आणि २००० साली वारली. ती अगदी साध्या घरात राहायची. आई म्हणते, बाजारात ती दिसली की बायका एकमेकींना कोपर मारायच्या, “ती बघ, राजाची नात.” कोपर मारणाऱ्यांत आपणही होतो, हे मात्र आई सांगत नाही. ते मला मोठ्या आत्याकडून कळलं.

भाच्याने विचारलं, “राजाला इथेच का आणून ठेवलं? दुसरी गावं नव्हती?”

उत्तर सोपं आहे आणि गावाला फारसं भूषणावह नाही. इथून निघून जाणं अवघड होतं. घाट उतरून येणारे रस्ते वाईट, रेल्वे नाही, आणि पावसाळ्याचे चार महिने समुद्र बंद. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावायला १९९८ उजाडलं. राजाला ठेवायला सरकारला याहून बरी जागा कुठली मिळणार? पुढे सावरकरांना अंदमानातून आणल्यावर १९२१ मध्ये इथल्याच तुरुंगात ठेवलं. १९२४ साली सोडलं ते रत्नागिरी जिल्ह्याबाहेर जायचं नाही या अटीवर, आणि ती अट १९३७ पर्यंत राहिली. गाव एवढं निसर्गरम्य की लोक सुट्टी काढून येतात, आणि एवढं अडचणीचं की सरकार माणसं आणून ठेवतं. या दोन गोष्टी एकाच कारणाने खऱ्या होत्या. राजवाड्याजवळच्या टेकडीवरून काजळी नदी भाट्याच्या खाडीतून समुद्राला मिळताना दिसते. त्या जागेला आज थिबा पॉईंट म्हणतात. संध्याकाळी तिथे भेळ मिळते, पोरं रांगेने कठड्यावर बसतात, सूर्य बुडाला की टाळ्या वाजवतात. नजरकैदेतल्या माणसाच्या नावाने सहलीची जागा आहे याचं कोणालाच काही वाटत नाही. मलाही त्या दिवसापर्यंत वाटलं नव्हतं.

पंगत हाही या गावात कधी साधा विषय नव्हता. १९३१ साली भागोजीशेठ कीरांच्या पैशांतून पतितपावन मंदिर उभं राहिलं, सर्व जातींना मोकळं. त्याच सुमारास सावरकरांनी इथे सहभोजनं घडवली आणि कोण कोणाच्या पंक्तीला जेवलं यावरून गावात घराघरांत वाद झाले. आमच्या घरात त्या वादात कोणती बाजू घेतली गेली, याविषयी वडीलधारे कायम मोघम बोलायचे, त्यावरून मी काय ते समजले. आजीच्या काळातल्या आवळीभोजनाच्या गोष्टी फार रंगतदार आहेत. बैलगाडी, पितळी हंडे, पंचवीस पानं. पण त्याच गोष्टीत मोठी आत्या सहज सांगून जाते की गड्यांची पानं पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडे मांडायचे, आणि तीही दुसऱ्या झाडाखाली. आवळी एकच होती.

आजीविषयी आणखी एक. वर्षातून हा एक दिवस ती जेवणासाठी घराबाहेर पडायची. आणि बाहेर पडून काय करायची, तर पंचवीस माणसांचा स्वयंपाक. माजघरातली चूल उचलून रानात मांडायची, इतकीच तिची सहल. तरी ती त्या दिवसाची वाट बघायची म्हणे. मला आधी हे दुःखाचं वाटायचं. नंतर एकदा घरातल्या चुलीच्या धुरात मी तीन दिवस काढले तेव्हा कळलं, की रानात धूर निदान वर जातो.

आता सडा. कोकणाबाहेरच्या वाचकाला सडा म्हणजे अंगणातलं शेणपाणी आठवेल. आमचा सडा म्हणजे डोंगराच्या माथ्यावरचं कातळाचं पठार, जांभ्या दगडाचं, मैलोन्‌मैल. पावसाळ्यात त्यावर बोटभर माती आणि टाचभर पाणी असतं आणि श्रावण-भाद्रपदात तेवढ्यावर निळी सीतेची आसवं, पांढरे गेंद, तेरडा, सोनकी यांचे गालिचे पडतात. ते बघायला हल्ली लोक येतात. कार्तिकातला सडा कोणी बघत नाही. गवत पिवळं होऊन गुडघ्याएवढं वाढलेलं, अर्धं कापून भारे बांधलेले, मधूनमधून काळा कातळ उघडा. वारा सुटला की सगळं पठार एका अंगावरून दुसऱ्या अंगावर वळतं. खाली मळ्यांत भात कापून झालेलं, पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या, ओल आहे तोवर कुळीथ पेरायची घाई.

याच कातळावर कोरलेली चित्रं आहेत. हत्ती, मासे, माणसं, आणि कशाचीच वाटत नाहीत अशा चौकोनी नक्ष्या. गुराख्यांना ती माहीत होती, पण त्यांना कोणी विचारलं नव्हतं. रत्नागिरीचे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांचे सोबती गावोगावच्या गुराख्यांना विचारत, सडे पालथे घालत ती शोधत गेले, आणि आज कातळशिल्पं हा शब्द दूरवर पोचला आहे. राजापूर तालुक्यात कशेळीला एकच हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर उंच कोरलेला आहे, आणि त्याच्या पोटात इतर प्राण्यांचा मेळा. देवाचे गोठणे इथल्या शिल्पावर होकायंत्र धरलं तर सुई भलतीच दिशा दाखवते. उक्षीला ग्रामस्थांनी आपल्या हत्तीभोवती भिंत घालून तो वरून बघायची सोय केली. २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्या आठ आणि गोव्यातल्या एका ठिकाणाची नावं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. ही चित्रं हजारो वर्षांपूर्वीची, आणि त्यांतले काही प्राणी आज कोकणात औषधालाही सापडत नाहीत.

लहानपणी आम्ही असल्याच एका खोदलेल्या चौकोनात सतरंजी टाकून जेवलो होतो. “पांडवांनी एका रात्रीत कोरलंय, पहाट झाली म्हणून अर्धवट राहिलं,” असं आजी सांगायची. रेघांमध्ये सोलकढी सांडली होती माझ्याकडून. आज तिथे तसं केलं तर कोणी ओरडेल, आणि बरोबरच ओरडेल.

रविवारी आम्ही दोन गाड्या आणि नऊ माणसं निघालो. दादाच्या डोक्यात होतं ते आमच्या लहानपणचं झाड, शहराच्या उत्तरेला सड्याच्या कडेला. रस्ता आठवणीतल्यापेक्षा रुंद निघाला आणि सडा अरुंद. जिथून मोकळं पठार सुरू व्हायचं तिथून आता चिऱ्याचा गडगा सुरू होत होता आणि तो संपतच नव्हता. आत कलमं, रांगेत, एकाच उंचीची. कापणीनंतर खळ्यात भात झोडणारी एक बाई थांबून आमच्याकडे बघत होती.

“कुठं चाललाव एवढी टोपं घेऊन?”

“आवळीला, मावशी. इथे सड्याच्या टोकाला मोठी आवळी होती ना?”

“ती व्हय? ती गेली कंपौंडात.”

दिवसभर माझ्या डोक्यात ते वाक्य राहिलं. झाड मेलं नव्हतं, तुटलं नव्हतं, कंपौंडात गेलं होतं. माणसं कामाला मुंबईला जातात, तसं.

सडे असे कंपौंडात का गेले, यात कोणी एक खलनायक नाही. सात-बाऱ्यावर ही जमीन पोटखराब म्हणून पडलेली असायची. गुरं चारा, गवत कापा, जेवायला बसा, कोणी विचारत नव्हतं. १९९० पासून रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली. कातळात सुरुंग लावून खड्डे पाडायचे, बाहेरून माती आणून भरायची आणि त्यात कलम लावायचं, हे तेव्हा वेडेपणाचं वाटायचं. ते जमलं. ज्या कातळावर गवताशिवाय काही उगवत नव्हतं तिथे हापूस उभा राहिला. २०१८ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. बाग आली की गुरं नकोत, गुरं नकोत म्हणजे गडगा हवा, आणि गडग्याला चिरा जवळच्या खाणीतलाच. माझ्या स्वतःच्या चुलत्यांनी अशी बाग केली आणि त्या पैशांवर दोन मुलं शिकवली. मी कोणत्या तोंडाने हळहळू? पण हळहळले. सडा म्हणजे ओसाड, रिकामी जागा, असं बाहेरच्यांनाच नव्हे, आपल्यालाही वाटत होतं. बारसूच्या सड्यावर २०२३ मध्ये तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठीच्या माती परीक्षणावरून आंदोलन पेटलं तेव्हा टीव्हीवर पहिल्यांदा राज्यभर लोकांनी सडा बघितला. तो रिकामा नाही हे सांगायला बायकांना त्यावर आडवं पडावं लागलं.

दुसरं झाड वहिनीच्या मैत्रिणीने फोनवर सांगितलं होतं. ते रस्ता रुंद करताना गेलेलं, जागेवर खडीचा ढीग. तिसरं एका देवळामागे सापडलं, पण तिथे आधीच तीन कुटुंबं बसली होती आणि चौथ्याची चूल मांडणं चाललं होतं. एका आवळीला सात-आठ घरांनी सूत गुंडाळून तिचं खोड पांढरं केलं होतं. “बसू इथेच कडेला,” दादा म्हणाला. आई गाडीतून उतरली नाही. पावणेबारा झाले होते. धाकट्याला भूक लागली होती आणि मोठी आत्या पिशवीतून घारगे काढून गुपचूप वाटत होती, हे सगळ्यांना दिसत होतं.

परतताना भाचीनेच एक झाड पाहिलं. ती मोबाईलमधून डोकं वर काढते ते नेमकं उपयोगाच्या वेळी. एका बागेच्या गडग्याच्या आत, कलमांच्या रांगेबाहेर, पऱ्याच्या काठाला, बारीक पानांचं, फिकट हिरवं, आणि फांद्यांना चिकटून आवळेच आवळे. बेड्याच्या, म्हणजे फाटकाच्या, बांबूंपैकी दोन काढलेले होते. ही बाग आमच्या लांबच्या नात्यातल्याची, हे दादाला तेव्हा आठवलं. मालक ठाण्याला असतात. फोन लावला तर रेंज नाही.

आतून राखणदार आला. नेपाळी. रत्नागिरीत आता बागांची राखण आणि फवारणी बरीचशी नेपाळी माणसांच्या हातात आहे, मिरकरवाड्याच्या मच्छीमार होड्यांवरही तीच. दिवाळीच्या आगेमागे येतात, आंबा उतरला की मेअखेर परततात. याच्याबरोबर बायको आणि तीन-चार वर्षांची मुलगी होती. दादाने हिंदीत नातं, मालक, फोन असं बरंच काही सांगितलं. तो टोपाकडे बघत होता. मग आई गाडीतून उतरली, झाडाकडे बोट दाखवलं आणि मराठीत म्हणाली, “आवळीखाली जेवायचंय आम्हाला.”

“अमला?” तो म्हणाला, आणि त्याने उरलेले दोन बांबूही काढले.

चूल तीन चिऱ्यांची झाली. वाळलेल्या काटक्यांना तोटा नव्हता. पुरुषांनी परंपरेप्रमाणे जाहीर केलं की आज खिचडी आम्ही करणार, तुम्ही बायकांनी नुसतं बसा. आणि परंपरेप्रमाणे आम्ही नारळ खवला, मिरच्या मोडल्या, मूगडाळ धुतली, आणि मग बसलो. तांदूळ नवा होता, गावच्याच भाताचा, आठवड्यापूर्वी भरडून आलेला. दादाने पाणी घातलं ते जुन्या तांदळाच्या मापाने. नव्या तांदळाला पाणी कमी लागतं हे सांगायला आईने तोंड उघडलं, पण “तुम्ही बसा” असं म्हटलेलं असल्यामुळे ती बसून राहिली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. टोपात पाणी ओतलं जात असताना इतकं शांत समाधान तिच्या चेहऱ्यावर मी क्वचित बघितलं आहे.

ढवळायची वेळ आली तेव्हा कळलं की डाव घरीच राहिला. वहिनीने दादाकडे बघितलं, दादाने मुलाकडे, मुलाने आकाशाकडे. खिचडी तळाला लागायची वेळ जवळ येत होती. राखणदाराची बायको हे सगळं लांबून बघत होती. ती काहीतरी बोलली आणि तो खोपीकडे गेला. परत आला तो आंबे उतरवायच्या मोडक्या झेल्याचा हातभर बांबू आणि कोयती घेऊन. आमच्याच फोडलेल्या नारळाची अर्धी करवंटी त्याने उचलली, बोटाने आतून चाचपली, कोयतीच्या टोकाने काठाखाली समोरासमोर दोन भोकं पाडली. बांबूचं टोक चिरून, तासून निमुळतं केलं आणि एका भोकातून घालून दुसऱ्यातून अंगुळभर बाहेर काढलं. मग करवंटी उलटी करून मांडीवर दोनदा आपटली, हलते का बघायला. हलली नाही. पाच मिनिटांचं काम. आजीकडे असल्या करवंटीच्या डवल्या ओळीने टांगलेल्या असायच्या, पण आमच्या नऊ जणांत एकालाही ती करता आली नसती.

खिचडी गिच्च झाली. डवलीतून ती पडत नव्हती, झटकावी लागत होती. नवा तांदूळ, ओला नारळ आणि धूर यांमुळे ती तरीही चांगली लागली, असं मी लिहिणार होते. पण खरं सांगायचं तर ती पानाला चिकटत होती आणि लोणचं होतं म्हणून खाल्ली गेली. घारगे आणि सोलकढी आईने घरून करून आणली होती. तिचा पुरुषांच्या स्वयंपाकावर विश्वास मर्यादित आहे.

पानं मांडताना आई मोजत होती. नऊ झाली. मग तिने वळकटीतून आणखी तीन काढली, पुसली आणि ओळीतच मांडली, माझ्या आणि मोठ्या आत्याच्या मध्ये. राखणदार आधी नको म्हणाला, मग हात धुवायला पऱ्यावर गेला. त्याची मुलगी पानावर बसताच आवळीची पानं गोळा करून सोलकढीत टाकायला लागली. मोठी आत्या, जी एरवी मुलांना कशालाही ओरडते, म्हणाली, “असू दे गो, वरणात पडलेलं आवळीचं पान काढायचं नसतं.” वरण नव्हतंच. आणि मोठी आत्या शेजारच्या पानाकडे न बघता भरभर जेवत होती. पऱ्यापलीकडची पानं तिने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेली आहेत. तिच्या मनात काय चाललं होतं ते मी विचारलं नाही.

जेवणानंतर राखणदाराने दादाला बाग दाखवली. पाऊस यंदा लांबला, म्हणून पालवी उशिरा फुटली, तिच्यावर तुडतुडे येतील, मग मोहोर मागे पडेल. ही सगळी चिंता त्याने मोडक्या मराठीत, रत्नागिरीच्या बागायतदाराच्या सुरात सांगितली. आईने आवळीला सूत गुंडाळलं. सात फेरे तिच्याने होईनात, म्हणून ती एका जागी उभी राहिली आणि भाचा सुताचा गुंडा घेऊन झाडाभोवती फिरला, दर फेरीला आजीच्या हातात गुंडा देऊन परत घेत. शेवटच्या फेरीला त्याने विचारलं, “हे माझ्या प्रकल्पात लिहू का?” आई म्हणाली, “लिही, पण आधी तोंड पूस.”

निघताना डवली कोणाची यावर थोडं झालं. वहिनीला ती घरी न्यायची होती. राखणदाराच्या बायकोने ती पऱ्यावर घासून आणली होती आणि तिच्या हातात ती इतकी सहज शोभत होती की वहिनी काही बोललीच नाही.

रात्री घरी आल्यावर ठाण्याला फोन लागला. दादाने स्पीकरवर टाकला. न विचारता बागेत गेलो, चूल मांडली, पण विझवून माती टाकून आलो, असं सगळं रीतसर सांगितलं. पलीकडचे गृहस्थ बराच वेळ काहीच बोलले नाहीत. दादाला वाटलं रागावले.

मग ते म्हणाले, “आमच्यात आवळी आहे? कुठच्या अंगाला?”

“बेड्यातून आत गेलात की डाव्या हाताला. पऱ्याच्या काठाला.”

“पऱ्याच्या काठाला,” ते म्हणाले. मग त्यांनी बाजूला कोणाला तरी हाक मारल्याचं ऐकू आलं, “अगो, ऐकलंस का, आपल्यात आवळी आहे.” आणि परत फोनवर येऊन, “धरते का रे? भरपूर?”